कोऱ्या पाण्याची नळी

शेळगाव, ता. इंदापूर
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. शाहीन,
इकबालमामूचा सलाम आणि पोटभर दुवा.

तुझी तब्येत कशी आहे? अबरारचा पुढचा दात आला का, का अजून खिडकी उघडीच? जावईबापू मुबीन यांची पाठ दुकानात बसून बसून धरली होती, ती सुटली का? तुझ्या आईचे, आमच्या शमशादआपाचे गुडघे थंडीत कुरकुरत असतील. तिला म्हणावं, तिळाचं तेल कोमट करून लाव, आणि भावाला शिव्या देत लाव. हात जोरात चालतो. इकडं तुझी मामी बरी आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर हसू नको.

आपा परवा फोनवर म्हणाली, पिंपळीच्या शाळेचे मुख्याध्यापक मोहनराव दुकानावर आले होते. प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवाय, शनिवारपर्यंत तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो म्हणाले. आणि तू म्हणालीस, "न्हाय जमायचं. प्रयोगात माझ्या हाताला यशच न्हाय. मामूंनाच इचारा."

मला कुणी विचारलं नाही. तरी उत्तर देतोय.

मी सातवी शिकलेला. तुझ्याच त्या शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवायला लागलो आणि नळ्या धुता धुता रसायनशास्त्र वेचलं, रानात राहिलेल्या शेंगा वेचाव्यात तसं. मोरचुदाचे खडे करणं हा माझा जीव. कोमट आम्लात तांब्याच्या ऑक्साइडची काळी पूड चिमटीचिमटीनं टाकायची, ती विरघळेना झाली की गाळायचं, थोडं आटवायचं आणि बशी फळीवर ठेवून विसरून जायचं. दोन-तीन दिवसांनी निळे खडे! न विरघळणाऱ्या क्षाराला एवढा दम लागत नाही. दोन नितळ द्रावणं भेटली की पांढरा साका लगेच. गाळा, धुवा, वाळवा. नववीतच तू हे मला समजावून सांगायचीस, मास्तरीणबाईसारखं बोट नाचवून.

तुझ्या दहावीच्या प्रात्यक्षिकाला हा पांढरा साकाच आला होता. एका नळीत सोडियम सल्फेट, दुसरीत नुसतं शुद्ध, कोरं पाणी, दोन्हीत बेरियम क्लोराइडचे थेंब. पहिलीत पांढरं यायला हवं, दुसरीत काहीच नको. तू वहीत लिहिलंस, दुसरीतही पांढरं आलं.

सर म्हणाले, "नळी विसळली न्हाईस."

"तीनदा विसळली, सर. मामू, तुमी बघितलंय, सांगा की!"

मी बघितलं होतं. आणि हसून म्हणालो, "पोरगीच ती, सर. ऱ्हायलं असंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "शाहीन, घरची भांडी तरी धड घासती का गं?" सगळे फिदीफिदी हसले. त्यात मीही होतो.

नळी स्वच्छ होती, बाळ. खोट पाण्यात होती. कॅनमधलं शुद्ध पाणी संपलं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी बोअरचं भरलं. आपल्या बोअरला क्षार किती, ते भांड्यांच्या बुडाला विचार. पण दिसायला काचेसारखं. म्हटलं, कोण बघतंय?

इथवर लिहून उठलो होतो. चहा घेऊन परत बसलो. शुद्ध पाणी संपलं होतं, हेही खरं नाही. बॅटरीला लागतं तेच ते पाणी. घरचा इन्व्हर्टर कोरडा पडला होता, त्यात मी शाळेचा कॅन ओतला. ते उघडं पडू नये म्हणून भाचीची नळी घाण ठरवली.

परीक्षेनंतर सगळ्यांच्या नळ्या मीच धुतल्या. अठराजणांच्या. कोऱ्या पाण्याच्या अठराही नळ्या गढूळ होत्या! बाकीच्या सतराजणांनी पुस्तकात असतं ते लिहिलं, ‘बदल नाही’. नळीकडं बघून लिहिणारी तू एकटी.

तू अकरावीला सायन्स घेतलं नाहीस. आपा रडली, तेव्हा मी म्हणालो, पोरीचा ओढाच नाही तिकडं. दर ईदला तू मला शीरखुर्म्याची वाटी दिलीस, एकदाही विचारलं नाहीस, म्हणून मी आणखी निर्ढावत गेलो.

काल मोहनरावांना फोन करून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाचा, हे मला कशाला सांगताय? तिला सांगितलंय का?" खरंच आहे. सोपं होतं तिथं बोललो.

जागा घे, असं म्हणायचा हक्क मी घालवलाय. नको असेल तर खुशाल नाही म्हण. घर, लेकरू, एसटीची वेळ, काहीही कारण सांग. पण हाताला बोल लावू नको. तो माझ्याच वाट्याचा आहे.

हे पत्र आपाला मोठ्यानं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको.

सोपान दुधाची गाडी घेऊन तुमच्या कोऱ्हाळ्याला येतोय, त्याच्याच हाती देतोय. तो शुक्रवारी परत येईल. दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिही. ह्या वयात उशीर परवडत नाही.

तुझा गुन्हेगार,
इकबालमामू