नंबर नसलेले आधी

३ एप्रिल
जळगाव. सकाळपासून कूलर आणि मी, दोघंही घरघर करतोय. रावेरच्या पॅकिंग हाऊसचं काम आज हातात घेतलं. रोज कोणाच्या बागेत केळीची कापणी, कोणती टोळी, कोणता ट्रक, ते ठरवणारा त्यांचा प्रोग्राम नानासरांनी लिहिलेला, पायथन दोन या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत. मी तेव्हा सरांच्या हाताखाली शिकत होते. आता सर रिटायर होऊन धुळ्याला, आणि प्रोग्राम माझ्या गळ्यात. सर्व्हरवाले महिनाअखेर जुनी भाषा बंद करणार. म्हणजे पायथन तीन, त्यासोबत फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा सांगाडा, तेही नवं घ्यावं लागणार, कारण जुनं नव्या भाषेवर उभंच राहत नाही.
बंद पडलं तर पहाटे टोळ्या निघणार कुठे? केळं कोणासाठी थांबत नाही.

५ एप्रिल
फ्रेमवर्कची एक पायरी चढले की खालच्या दोन तुटतात. चिडचिड. आई म्हणाली, आधी जेव.
एक मात्र छान. मराठी नावांची प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून सरांनी जागोजागी केलेल्या कसरती सगळ्या उडवल्या. नवी भाषा मराठी सरळ वाचते. गंमत वाटली, आणि उगाच थोडं वाईटही. सरांनी त्या ओळींसाठी किती डोकं जाळलं होतं ते मी बघितलंय.

७ एप्रिल
पाळीच्या यादीवर अडलं. यादी नंबरानं लावायची, पण काही शेतकऱ्यांपुढे नंबरच नाही, जागा रिकामी. जुनी भाषा अशांना मुकाट्यानं सगळ्यात वर बसवायची. नवी ऐकत नाही. म्हणते, काहीच नसलेल्याची आकड्याशी तुलना होत नाही. बरोबर आहे बाई तुझं.
पुष्पाअक्कांना फोन. पॅकिंग हाऊसच्या टेबलावर त्याच बसतात, नंबर त्याच टाकतात. म्हटलं, अक्का, काही नंबर टाकायचे राहून जातात. म्हणाल्या, "काहींना नसतो टाकायचा, माय." तेवढ्यात ट्रक आला, फोन ठेवला. विसरल्याचा बहाणा, दुसरं काय.
नंबर नाही तो शेवटी, असं केलं. एका ओळीचं काम. नंबर नाही म्हणजे घाई नाही.

१२ एप्रिल
आज नव्यावर आलो. पहिली टोळी बिनबोभाट गेली. मालकांचा मुलगा हर्षल, कॉम्प्युटरचं तोच बघतो, त्याचा मेसेज आला की पान पटकन उघडतंय. आईला सांगून भरीत करवून घेतलं. स्वतःवर जाम खूश.

१८ एप्रिल
रावेरहून एकही फोन नाही. एकही! शांतता म्हणजे चालतंय.

२२ एप्रिल
रावेर. अंगणात नवा टीव्ही लावलाय, सगळ्यांना पाळी दिसावी म्हणून. तो जोडायला गेले. ऊन असं की मोटरसायकलच्या सीटला हात लावता येईना.
निंबाखाली एक माणूस बसलेला. डोकं नुकतं भादरलेलं, टोपी मांडीवर. टीव्हीकडे बघायचा, परत खाली बघायचा. यादीत शेवटचं नाव युवराजभाऊ, पुढे नंबर नाही. मी सहज अक्कांना म्हटलं, यांचा टाकायचा राहिला वाटतं. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की…
मग सांगितलं. ज्याच्या घरी मयत होते त्याची पाळी सुतकात चुकते. गंधमुक्ती झाली, म्हणजे सुतक फिटलं, की तो नुसता येऊन बसतो. तो मागत नाही, कोणी विचारत नाही. अक्का नाव घालतात, नंबर घालत नाहीत, आणि तो आपोआप पहिला होतो. वर्षानुवर्षं असंच. गावात कोणी कधी यावर बोललेलं नाही.
युवराजभाऊंचा मोठा भाऊ गेला. गंधमुक्तीनंतर ते येऊन बसले आणि माझ्या एका ओळीनं शेवटी गेले. रोज नवे नंबर वर चढत गेले, ते तळाशीच. घड झाडावर पिवळे पडले. दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकात पिकलेलं केळं कोण भरणार? गुरांपुढे टाकले.
अक्कांना विचारलं, मला फोन का नाही केला? म्हणाल्या, "आम्हाले वाटलं, मालकानं बंद केलं."
युवराजभाऊंपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, चूक माझी आहे, मालकांची नाही, तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं. त्यांनी टोपी घातली. "ज्याच्या घरी झालं, त्यानं मांगू नाही, बाई. दुसऱ्यानं द्यावं."
रागावले असते तर बरं झालं असतं. उलट मला पाणी प्यायला सांगितलं.

२३ एप्रिल
त्यांची उरलेली कापणी आज सगळ्यांच्या आधी लावायला सांगितली. अर्धी बाग वाचली, अर्धी गेली. कामात लक्ष नाही. आईला काही सांगितलं नाही, तरी तिनं चहा दोनदा आणून ठेवला.

२५ एप्रिल
धुळे. एसटीनं पारोळ्यावरून. सर देवपूरला राहतात, काकू गेल्यापासून एकटेच. शेवभाजी स्वतः केली होती, तिखट जाळ.
सगळं ऐकून घेतलं. विचारलं, सर, तुम्ही रिकामा नंबर मुद्दाम वर ठेवला होता का? मला खात्री होती की हो म्हणतील. सर खानदेशीत बोलायला लागले म्हणजे मनापासूनचं. "मी नही करं ते. भाषानी करं, लोकेस्नी धरी लिधं." त्यांना पत्ताच नव्हता. जुन्या भाषेला वागायची सवय तशी होती, आणि रावेरच्या लोकांनी त्या सवयीत आपली रीत नेऊन बसवली.
मी म्हटलं, म्हणजे आता ते मला मुद्दाम लिहावं लागणार. म्हणाले, "मग लिही. आधी फुकट मिळत होतं."
निघताना दारापर्यंत आले. काकू गेल्या तेव्हा मी फोनवर "काही लागलं तर सांगा सर" म्हणाले होते. बसमध्ये तेच आठवत राहिलं. सर कशाला सांगतील.

२६ एप्रिल
लिहिलं. नंबर नसलेले आधी. त्याआधी एक चाचणी लिहिली: रिकाम्या नंबराचा माणूस वर आलाच पाहिजे, नाहीतर प्रोग्राम पुढे जाऊ नये. उद्या मी नसले तरी पुढच्याला मोडता येऊ नये. शेजारी मराठीत शेरा टाकला, "नंबर नसलेले आधी. कारण विचारू नये."
हर्षलला फोनवर सांगितलं. त्याला ही रीत ठाऊकच नव्हती. म्हणाला, मग कारणाचा रकाना ठेवा, नाहीतर कोणीही घुसेल. म्हटलं, रकाना ठेवला की अक्कांना विचारावं लागेल. दारात येऊन बसलेल्या माणसाला काय विचारणार, घरातलं कोण गेलं? पप्पांना विचारतो म्हणाला.

२८ एप्रिल
हर्षलचा मेसेज. पप्पा म्हणाले, ते तर पहिल्यापासून तसंच आहे, बदललं कोणी?
मनात म्हटलं, मी, काका.
रकाना नाही. सुधारलेला प्रोग्राम चढवला. जुना सर्व्हर परवा बंद झाला तरी आता चिंता नाही.

५ मे
यादी बघितली. सगळ्यांपुढे नंबर.

११ मे
आजही सगळ्यांपुढे नंबर. सावद्याकडच्या एका घरी मयत झाल्याचं एप्रिलच्या शेवटीच हर्षल बोलला होता. सुतक आता फिटलं असणार. ते घर यादीत आहे. मधोमध, नंबरासकट.
अक्कांना फोन केला. म्हटलं, आता नीट केलंय, रिकामं ठेवा ना. म्हणाल्या, "मी ठेवते वं माय. लोकंच म्हन्तात, नंबर द्या, नंबर बरा."
बरा कसला. युवराजभाऊंचे पिवळे घड सगळ्या गावानं पाहिलेत. प्रोग्राम एका दिवसात दुरुस्त झाला, चाचणी हिरवी, म्हणजे पास आहे, आणि मी आता कोणाला सांगू की बसा, मिळेल? ज्यावर कोणी कधी बोललंच नाही ते परत सुरू कसं करायचं?

१४ मे
सरांना फोन, काम काही नव्हतं. काय जेवलात विचारलं. "खिचडी." परवा भरीत-पुरी घेऊन येते म्हटलं. नको म्हणाले. येते म्हटलं.

२१ मे
सकाळी चहाबरोबर यादी उघडायची सवयच लागलीय.
आज सगळ्यात वर एक नाव. पुढे रिकामं.
कोणीतरी येऊन बसलं असेल. किंवा ट्रकच्या गडबडीत अक्कांचा नंबर खरोखरच टाकायचा राहिला असेल, तसंही होतं. फोन हातात घेतला, अक्कांचं नाव काढलं.
मग ठेवून दिला. विचारायचं नसतं.