चिखलाखालचा मुरूम

सर,

काकू गेल्या. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या गेल्या तेव्हा गाडी मी चालवत होते, म्हणून मीच सांगते. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, की इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तुमच्या खोलीत तिसरे कुणीतरी सर बसतात आणि प्रयोगशाळेतलं ते गाडीचं उघडं चेसिस केव्हाच भंगारात गेलं. माझे केस कानाजवळ पांढरे झालेत. खराडीतल्या ऑफिसात मी दिवसभर गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. तुम्हाला हे आवडलं नसतं. "गाडी न बघता गाडीतल्या चुका शोधतेस? वा!" एवढंच म्हणून तुम्ही चहाचा कप उचलला असता.

गाडी बघायला मिळावी म्हणूनच बहुधा, गेल्या वर्षी मी चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी फोर-बाय-फोर घेतली. तुमच्या गावाकडचा शेवटचा चढ साध्या गाडीनं पावसाळ्यात जमत नाही, हेही कारण होतंच. तुमच्यामागे काकू तिथं एकट्या राहत होत्या. तुमची मुलगी परदेशातून दर रविवारी फोन करून "पुण्यात फ्लॅट घेऊ या" म्हणायची आणि काकू म्हणायच्या, "घे की. भाड्यानं दे." मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायची. खालून दगड लागू नयेत म्हणून गाडी दोन इंच उचलून घेतली. मग प्रश्न आला टायरचा.

वारज्यातल्या दुकानदारानं रुंद टायर अगदी दारातच मांडून ठेवले होते. हात लावावासा वाटेल असेच होते ते. मी अरुंद मागितले, उंची तीच पण रुंदी कमी, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, गाडी एवढी उचललीय आणि खाली सायकलची चाकं? लोक हसतील हो." ऑफिसातली मुलं खरोखरच हसली. एकानं तर "मॅम, डाएटवर आहे का गाडी?" असं विचारलं. मला राग आला नाही. तुमच्याकडून याहून जास्त ऐकून घेतलेलं आहे. तिसऱ्या वर्षाला असताना, सगळ्या वर्गासमोर, मी तुम्हाला विचारलं होतं की सर, डोंगरात जायला सर्वांत चांगली रुंदी कुठली. तुम्ही खडू खाली ठेवलात. "आरशासमोर उभी करायची असेल तर दुकानातली सर्वांत रुंद घे. चालवायची असेल तर चिखलाखाली काय आहे ते आधी सांग, मग रुंदीचं बघू." वर्गात आम्ही मुली मोजक्याच. कान लाल करून मी खाली बसले आणि आता हा विषय सोडायचा असं ठरवलं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत.

ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू कणीक मळतायत, सैलसर झालीय म्हणून आणखी पीठ घेताहेत, आणि तुम्ही येऊन परातीतला गोळा उचलून पोळपाटावर थापता. आधी उलथनं आडवं ठेवून दाबता, ते वरच राहतं. मग तेच धारेवर उभं करून दाबता, ते कणकेतून थेट लाकडापर्यंत जातं. "ऐकलास आवाज? टेकलं. आपल्या डोंगरात वीतभर चिखल आणि खाली मुरूम. टायर मुरमाला टेकला तर गाडी चालते. रुंद टायर वरच्यावर तरंगतो आणि घसरतो. वाळूत खाली टेकायला काही नसतं, तिथं तरंगणाराच बरा." काकू शांतपणे म्हणाल्या, "वाळवंटात जायचं ठरलंय का आपलं? नसेल तर ती कणीक इकडे द्या. चार माणसं जेवायची आहेत." निघताना तुम्ही मला टायरची हवा मोजायचं तुमचं पितळी मीटर दिलंत. सकाळच्या बोलण्याबद्दल एक शब्द काढला नाहीत.

यंदा आषाढात पाऊस लागून राहिला. शनिवारी सकाळी काकूंच्या शेजारीण बाईंचा फोन आला. "ताई, मावशींना दम लागलाय, रात्रीपासून बसूनच हायत. ॲम्ब्युलन्स आलीय पण खाली डांबरीवरच उभी हाय, वर येत नाही म्हणतात." मी लगेच निघाले. चांदणी चौक ओलांडल्यापासून पुढे फक्त वायपर आणि पाणी. डांबरी संपते तिथं ॲम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हरनं मला हात दाखवून थांबवलं. स्ट्रेचर घेऊन वर जायचा प्रयत्न त्यांनी केला होता, गुडघ्यापर्यंत रुतून परत आले होते. आदल्या दिवशी कुणीतरी मोठ्या रुंद टायरांची गाडी वर न्यायला गेलं होतं, ती घसरून कडेच्या चरात कलंडली होती आणि तशीच सोडून माणसं गेली होती. मी उतरून, पकड यावी म्हणून चारी चाकांतली थोडी थोडी हवा सोडली, तुमच्या मीटरवर बघत. पावसानं मीटरची काच भिजत होती, काटा नीट दिसेना.

सर, गाडी वर गेली. पहिल्या वळणावर मागची बाजू सरकली, आणि मग खालून तो खरखरीत आवाज आला. टेकलं. तिथून वरपर्यंत मी त्या आवाजावर कान ठेवून चढवली. वर पोचले तेव्हा मला आनंद झाला होता हे लपवत नाही. काकूंना सांगायचं होतं.

काकू उशांना टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. पाय सुजलेले. मला बघून म्हणाल्या, "तुला कशाला कुणी त्रास दिला?" एकेका शब्दानंतर श्वास. शेजारीण बाईंनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. शेजारीण बाई मागं त्यांना छातीशी धरून बसल्या. उतरताना मी ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही, पहिल्या गिअरमध्ये सोडली, प्रत्येक दगड बघून. धक्का बसू नये एवढंच डोक्यात होतं. मध्ये एकदा काकू म्हणाल्या, "खिडकी लाव गं, पाणी आत येतंय." मी काच वर केली. पुढच्या वळणावर आरशात त्यांची मान शेजारीण बाईंच्या खांद्यावर टेकलेली दिसली. मला वाटलं, झोप लागली, बरं झालं. खालचा ॲम्ब्युलन्सचा दिवा झाडीतून दिसायला लागला. मी म्हणाले, "काकू, पोचलोच." तेव्हा शेजारीण बाई मागून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आता हळू न्या नाहीतर जोरात न्या, एकच हाय."

तरीही मी हळूच नेली. दुसरं काही सुचलं नाही. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी भर पावसात गाडीतच तपासलं आणि मान हलवली. म्हणाले, आदल्या दिवशी आल्या असत्या तरी हृदय फार थकलेलं होतं, सांगता येत नाही. लोक म्हणाले, तू निदान पोचलीस तरी. टायर अगदी बरोबर निवडले होते, सर. एकदाही रुतले नाहीत. ह्या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. चुकीचे असते तर रडताना धरायला काहीतरी मिळालं असतं. आता सकाळी ऑफिसला जाताना नगर रोडच्या गर्दीत ती उंच गाडी उभी असते आणि खालच्या त्या उत्तम टायरांना करायला काही काम नसतं. विकणार होते. विकली नाही.

वैकुंठ स्मशानभूमीतून परतल्यावर तुमची मुलगी माझ्याशेजारी बसली. ती विमानतळावरून थेट आली होती, हातात अजून बॅग होती. तिनं विचारलं, "आई शेवटी काही म्हणाली का?" मी म्हणाले, "हो. सरांचं नाव घेतलं." तिनं माझा हात घट्ट धरला आणि पहिल्यांदा रडली.

नाव घेतलं नव्हतं, सर. पाण्याबद्दलच बोलल्या होत्या. तिला हे मी सांगणार नाही, आणि हे पत्र जाईल असा पत्ताही नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.