शेवटून तिसऱ्या वाक्यावर

बुधवार, १२ मार्च
सकाळी नऊ

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. तुझा खोकला गेला असावा, कारण काल आवाज खणखणीत होता.

काल, मंगळवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या कथालेखनाच्या वर्गात चौदा जणांसमोर तू माझ्या कथेवर पेन्सिल वाजवलीस. नियम मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं, खोटं वाटेल त्या वाक्याला तू टेबलावर टकटक करायची, आणि ते वाक्य पुढच्या मंगळवारी बदलून आणायचं. नियमाबद्दल तक्रार नाही. पण त्या निवृत्त बँकवाल्यांच्या कथेत दोन पानांत पाच माणसं मेली, त्यांतलं एकही धड आजारी नव्हतं. तेव्हा तुझी पेन्सिल झोपली होती का?

वर मला म्हणालीस, "तुमची बाकीची कथा चांगली आहे."

तुमची! तुझ्या फ्रॉकची बटणं लावून दिली आहेत मी.

माझी विशेषणं तू छाटलीस, मी ब्र काढला नाही. 'हृदयद्रावक' गेलं, बरंच झालं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असल्या शब्दांसाठी पट्टी मारायच्या, तीही वहीवर नाही, बोटांवर. आईची खोली, औषधाच्या बाटल्यांचे गोल डाग, उशाशी ठेवलेली घंटी, हे तू ठेवायला सांगितलंस. तेही मान्य. पेन्सिल वाजली ती शेवटून तिसऱ्या वाक्यावर: 'धाकटीला वेळेवर कळवलं होतं, पण ती आली नाही.'

घरी येऊन ते वाक्य मी सात वेळा बदललं. 'निरोप धाडला होता.' 'निरोप पोचला नसावा.' मोठ्याने वाचलं की दर वेळी माझंच बोट टेबलावर आपटायचं.

तर लिहिते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांचे फोन जोडून दिले. आईच्या शेवटच्या तीन दिवसांत फोन माझ्या हाताशी होता, तुझा नंबर पाठ होता. मी लावला नाही. चार वर्षं तिचं शौचाचं भांडं मी उचललं, आणि ते तीन दिवस ती हाका मारत होती तुला. मला वाटलं, निदान शेवट तरी माझ्या एकटीच्या वाट्याला यावा.

तू आलीस तेव्हा पलंग रिकामा होता. 'कळवलं होतं, आली नाही' हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आणि तू अकरा वर्षं ते मुकाट ऐकून घेतलंस. खोडलंस ते काल, तेही पेन्सिलीने.

आता वाक्य असं आहे: 'मोठीने फोन केला नाही.' विशेषण एकही नाही. पण त्यापुढची दोन वाक्यं आता बसत नाहीत, आणि तिथे काय यावं ते मला सुचत नाही. ते तुलाच ठाऊक असणार.

कथा सोबत जोडली आहे. मंगळवार, १८ मार्च, सकाळी अकराच्या आत मला लेखी उत्तर हवं. समासात दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

फोन करू नकोस.

तुझी
ताई