उजवीकडची जॉयस्टिक

बेलवली, बदलापूर (प.)
रविवार

ती. कैलासराव यांस विष्णूचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? सांगलीत थंडी पडली असेल तर गच्चीवर फिरायला जाण्याचा हट्ट धरू नका. वहिनींना नमस्कार सांगा. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे. पण फोनवर तुम्ही "कशी आहेस?" विचारता, वृंदा "मस्त" म्हणते आणि तुम्ही फोन ठेवता, म्हणून तुमच्या बहिणीची हकीकत जरा सविस्तर लिहितो.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची जीभ लवकर पूर्ववत झाली (शेजारीही साक्ष देतील), पायही चालू लागला, पण उजवा हात मागेच राहिला. मूठ अर्धीच मिटते. व्यायाम करून घ्यायला जिज्ञासा नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येते. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. वृंदाने तो काही दिवस दाबला आणि मग तो गॅलरीतून खाली पडला. चुकून, म्हणाली. दुसरा आणला, तोही चुकून पडला. शेवटी जिज्ञासाने विचारलं, "काकू, तुम्हाला या हाताने काय करायला आवडेल?" मला वाटलं पोळ्या म्हणेल, फार तर रांगोळी. ती म्हणाली, "व्हिडिओ गेम. पूर्वी पार्लरमध्ये असायचा तो, दांडीवाला." इतकी वर्षं संसार केला, पण ही आवड मला माहीत नव्हती.

मी जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल केलेला माणूस. प्लायवूडची पेटी, बटणं, टीव्हीची जोडणी, यात काही अडलं नाही. अडलं ते जॉयस्टिकपाशी. उल्हासनगरच्या बाजारात सुट्या भागांच्या दुकानातल्या शेठने एक पुढे केली. "साईं, ये लोहा है. बच्चे तोड नहीं सकते." मजबूत वस्तू घ्यावी या तत्त्वाने (तत्त्व माझं, हात तिचा) मी ती घेतली. स्प्रिंग एवढी कडक, की वृंदाने जोर लावल्यावर दांडी हललीच नाही. पेटी हलली, जेवणाच्या टेबलावरून सरकत गेली आणि आमटीचं पातेलं घेऊन खाली उतरली. मी फरशी पुसली. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसरी आणली ती हलकी, वर गोल गोळा असलेली. तिचा हात गोळ्यावरून सारखा घसरायचा आणि पडद्यावरचा माणूस चालत जाऊन खड्ड्यात पडायचा. असं बरेचदा झाल्यावर वृंदा हळूच म्हणाली, "माझ्यासारखाच आहे बिचारा." मला हसता आलं नाही.

तिसऱ्या खेपेला मी शेठसमोर मूठ अर्धी मिटून दाखवली आणि म्हटलं, एवढ्या मुठीत धरता येईल अशी द्या. "पोते के लिए?" त्याने विचारलं. "बीवी के लिए," मी म्हणालो. मग तो स्वतःची मूठ तशीच अर्धी मिटून एकेक दांडी हलवून बघत बसला (मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती). शेवटी त्याने पेरूच्या आकाराची, वर जाड आणि खाली निमुळती अशी एक दिली. तीच बसवली.

सगळीकडे जॉयस्टिक डावीकडे असते. मी मुद्दाम उजवीकडे लावली, म्हणजे उजवा हात कामाला लागेल. वृंदाने पेटी नीट पाहिली, डावा हात आडवा नेऊन त्या हाताने दांडी धरली, उजव्या कोपराने बटण दाबलं आणि पाळीपाळीने खेळताना मला हरवलं. मग रोजच हरवू लागली. जिज्ञासाने हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

परवा संध्याकाळी मी दूध घेऊन आलो, तर ती एकटीच पेटीसमोर होती. डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट उचलून ती दांडीवर ठेवत होती. सगळी ठेवून झाल्यावर डावा हात काढून बटणावर नेला. पडद्यावरचा माणूस थोडा पुढे गेला, थांबला, आणि खड्डा आल्यावर चक्क उडी मारून पलीकडे गेला. तेवढ्यात तिला माझी चाहूल लागली. तिने हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "चहा टाका." मी चहा टाकला. स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ लावला.

कळावे. लोभ आहेच, तो गुडघ्याइतकाच जपावा.

तुमचा,
विष्णू

ता. क. : खरं सांगायचं ते राहिलंच. माझ्यासमोर ती उजवा हात वापरत नाही, कारण मी बघतो. तिला तुमच्याशी खेळायचंय. लग्नाआधी तुम्ही दोघं जायचात त्या कॅम्पातल्या पार्लरमध्ये तुम्ही दांडी कधी तिच्या हाती दिलीच नाहीत, नुसतं बटण दाबायला लावलंत, असं ती आता रोज सांगते. तरी गुडघा बरा असेल तर या, आणि बटण तुम्ही दाबा. तिच्या हाताकडे बघू नका. तुमची पाळी आली की मुद्दाम हरूही नका, तिला कळतं.

ता. क. २ : हे पत्र तिच्या नकळत पाठवायचा बेत होता. तो फसला. पाकिटावरचा पत्ता तिने लिहिलाय, उजव्या हाताने. सांगलीचा 'सां' 'मां'सारखा दिसतोय. मी दुरुस्त करायला गेलो, तर तिने पेन दिलं नाही.