हळदीतला तो कण

९ जानेवारी
सकाळी उन्हात बसून चौथीतली पाखरांची कविता म्हटली. पूर्वी कमल टाळीवर ताल धरायची. आता हिचे तळवे जुळत नाहीत. कातडी चामड्यासारखी ताठ झालेली. डॉक्टर म्हणतात, शरीर स्वतःवरच उलटलं. दोन कडव्यांवर थांबलो.

१४ जाने.
संक्रांत. आमची लेक सुनंदा नागपूरहून आली. औषधांच्या प्रयोगशाळेत आहे ती. म्हणाली, हळदीतला एक कण वेगळा काढून उंदरांना देतात, ताठ कातडी जराशी सैल पडते. पुढचं ऐकलंच नाही मी. हळद! आपल्या वायगावची! घरात पोतंभर...

२३ जाने.
रोज सकाळी ओली हळद वाटून कमलच्या बोटांना लेप. आज म्हणाली, "हळद तं लावून राह्यले, नवरदेव कोन हाये?" तोंड पुरतं उघडत नाही, तरी हसली. लग्नातलं ते हसू. किती वर्षांनी.

२७ जाने.
लेपाखाली कातडी चिरली. जखम. सुनंदा फोनवर संतापली. "बाबा, मी कण म्हटलं, हळद नाई! थेबी उंदरांवरचं. जरा थांबाचं तं होतं!"
थांबायचं. पंचाहत्तरीत.
कमल मागून ओरडली, "त्याहिले नको बोलू. मीच लावा म्हटलं."
लावा असं ती कधीच म्हणाली नव्हती.

१८ फेब्रु.
जखम भरली. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात गेलतो. त्या कणाची गोळी आता माणसांना देऊन पाहणार. नेहमीचं औषध चालूच. निम्म्यांना खरी, निम्म्यांना रिकामी, औषध नसलेली. कोणाला कोणती, डॉक्टरांनाही ठाऊक नसतं म्हणे. मी म्हटलं, "साहेब, हिले खरीच द्या ना." डॉक्टरांनी तपासण्यांची यादी पुढे केली.

२ मार्च
तपासण्यांत बसली, प्रयोगात घेतलं. सहीच्या वेळी नर्सबाईंनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. कमल भडकली. "काऊन? सातवी पास हावो मी!" मुठीत पेन धरून पूर्ण नाव लिहिलं, माझ्या नावासकट. मागची माणसं खोळंबली. खोळंबू देत.

३ मार्च
जेवणावर पहिली गोळी. पांढरी, साधी. मी तिच्या बोटांकडे बघत बसलो.
"एवढ्यात काय पाह्यता?"
"रिकामी असन तं?"
"मंग भरलेली दुसरीले भेटली असन. तिचा घरवालाबी असाच पाहत बसला असन."
बोलता बोलता तिचा डोळा लागला. हात माझ्या मांडीवर राहिला. गार, नेहमीसारखा. पाय अवघडला होता, उठायचं होतं. उठलो नाही.