बिनतेलाचं कडं

१७ ऑगस्ट
तीज बोळवली, गव्हाची रोपं पाण्यात सोडली. आज सोनीच्या हातात कडं घालून पाह्यलं. यांच्या घरची रीत. पोरगी नऊ वर्षांची झाली का आजेसासूचं चांदीचं कडं घालाचं. लहानसं, बिनजोडाचं. तेल लावूनबी कोणाच्या हातात जात नाई. सोनीनं अंगठा तळहातावर मोडला अन् घातलं. बिनतेलाचं. सासू रडली, म्हणे, "माही याडी परत आली." आपल्या सासूलेच ती याडी म्हणे, आई. तांडाभर गूळ वाटला. मले तो अंगठाच दिसून राह्यला.

२ सप्टें.
दप्तर उचलता उचलता सोनीचा खांदा उतरला. टक्क. तिनंच परत बसवला, रडलीबी नाई. सासू म्हणे, "याडीचाबी असाच वाजे."
दप्तर मीच शाळेपर्यंत नेलं.

५ सप्टें.
सासूले खोदून विचारलं, याआधी कडं कोणाले गेलतं? यांच्या आत्याले. कापूस येचता येचता छाती चोळत बसली, उठलीच नाई. "याडीनं बोलावून घेतली." अन् याडी कशी गेली? तशीच.
बाई हे भाकरी थापता थापता सांगते. मले त्या बाईचा असा राग आला का...

१९ सप्टें.
नांदेड. डॉक्टरीणबाईनं सोनीचा अंगठा वाकवला, पार मनगटाले टेकला. कातडी ओढून पाह्यली. अंग धरून ठेवणारे धागेच सैल हायेत म्हणे, जन्मापासून. घराण्यातून येते. हृदयाची मोठी नस तपासा लागते. वेळेवर समजलं तर सांभाळता येते. बाहेरचं काही नाई.
कडं दाखवलं. हसली नाई. "घरातल्या पुरुषांना घालून पाहिलं कधी?"
माणसं कायले कडं घालतीन? बसमध्ये सासरे आठवले. चाळिशीत गेले, ओट्यावर बसल्या बसल्या. ऊन लागलं म्हणत सगळे.

२० सप्टें., दुपार
हे जेवून बसले. म्हटलं, हात द्या. "मले नवरी करतं का?" ट्रॅक्टर चालवून राठ झालेला हात. जाणारच नाई म्हणून तेलाची वाटी घेऊन बसलीती.
वाटीले हातच लावा लागला नाई.
सासू दारात उभी होती, पाहून आत गेली. हे म्हणतात, कोणाले सांगू नको, लोक हसतीन. सोयाबीन निघू दे, मग पाहू नांदेडचं.
शेजारच्याची गाडी सांगून आली मी. ती येईपर्यंत लिहून राह्यली. कडं अजून यांच्या हातात हाय. मघापासून छाती चोळून राह्यले. म्हणतात, जेवण जास्त झालं.