अर्ध्या आशीर्वादाची होडी

प्रिय धाकट्या भावा प्लासिड,

एव्हरशाईन सिटीच्या सातव्या मजल्यावर रुसून बसलेल्या थोर इंजिनमिस्त्रींचं, पाचूबंदरची त्यांची रेजिनाबाय म्हणते, देव बरं करो. गुडघा कसा आहे? लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऑइल बदलण्यावर प्रवचन देतोस का अजून? मी बरी आहे. दात दोनच उरलेत, आणि तेही तुझ्या-माझ्यासारखे एकमेकांना भेटत नाहीत. (पत्र सून सेलिन लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, पण वाचून दाखवताना ती जिथे अडखळते तिथे तिने काहीतरी गाळलेलं असतं, एवढं मला कळतं.)

दोन महिने झाले तू उंबरा चढला नाहीस. आमच्या शिडाच्या होडीत तू एकतीस वर्षांपूर्वी बसवलेलं डिझेलचं इंजिन माझ्या फेबियनने काढलं आणि बॅटरीची मोटार बसवली, हा राग. रास्त आहे. आणि तुझ्या काळजाला थंडावा मिळेल असंच सगळं पुढे घडलं, तेव्हा बूड टेकून ऐक.

तुझं इंजिन साखळी लावून आठ जणांनी उपसलं, तेव्हा होडी मागून अशी वर आली आणि पुढून अशी वाकली, की जणू आल्या-गेल्याच्या पाया पडते आहे. बॅटऱ्या ठेवल्या तरी वजन भरेना. वाळूच्या गोणी टाकल्या, त्या भिजून फाटल्या. शेवटी फेबियन घरात आला आणि मला न विचारता माझा पाटा उचलून घेऊन गेला. माझ्या सासूचा पाटा! आता पाटा समुद्राची हवा खातो आणि वाटण मिक्सरमध्ये होतं. कालवणाला चव अशी, की त्यातल्या बोंबलालाही वाटावं, उगाच जाळ्यात आलो.

आता आशीर्वादाचं ऐक. (हे सेलिनला लिहायचं नव्हतं, फादरांचा मान म्हणून. मी म्हटलं, मान राखूनच लिही, पण लिही.) आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे: नवीन मशीन बसलं की फादर येणार, मशीन चालू असताना होडीवर पवित्र पाणी शिंपडणार, आणि सुकाणूवर पहिला हात मामाचा. मामा तर सातव्या मजल्यावर. मग फेबियनने आपलाच हात ठेवला. फादर पुढच्या टोकापासून शिंपडत अर्ध्या होडीपर्यंत आले, थांबले, म्हणाले, ‘आता मशीन चालू कर, बाळा.’ फेबियन म्हणाला, ‘चालूच आहे, फादर.’ फादरांनी कान दिला. सगळ्या बंदराने कान दिला. काही नाही. शेजारच्या होडीवाला सॅमी काठावरून ओरडला, ‘अरे, मूठ फिरव की! नवरी हाय काय लाजायला?’ फेबियनने वेगाची मूठ पूर्ण पिळली. मागचा दोर सोडायला कोणाला सुचलं नव्हतं. होडी उडाली, दोर ताणला, होडी जागच्या जागी थांबली. फादर मात्र थांबले नाहीत, ते बर्फाच्या खोक्यात जाऊन बसले, आणि हातातलं पाण्याचं भांडं सॅमीच्या डोक्यावर रिकामं झालं. तेव्हा हिशेब असा: होडीला अर्धा आशीर्वाद, सॅमीला पूर्ण. त्या दिवसापासून सॅमीच्या जाळ्यात घोळ मासा मावत नाही, आणि फेबियन म्हणतो, आपला आशीर्वाद अर्धा, म्हणून आपण अर्ध्याच अंतरावर जायचं. बॅटरीलाही तेवढंच झेपतं.

बरं, आवाज नाही हे वेगळंच दुखणं. तुझं इंजिन किल्ल्यापलीकडे खोकलं की मी भात टाकायची. भाताला कढ आला की टोपली घेऊन निघायची. मी धक्क्यावर आणि होडीही धक्क्यावर. आता होडी मांजरीसारखी येते. मंगळवारी मी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, तर फेबियन समोर उभा. ‘आये, भात?’ धक्क्यावर मासळीचा लिलाव होऊनही गेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावाचून झाला, आणि कोणाचं काही अडलंही नाही. हे जास्त लागलं.

असो. ये असं मी म्हणत नाही. तू तुझा रुसवा सांभाळ, गॅलरीत कुंडीत लाव, वाढेल.

तुझी बाय,
रेजिना

ता. क. १: फादर येत्या रविवारी दहाच्या मिस्सानंतर उरलेली अर्धी होडी उरकायला येणार आहेत. त्यांनी एकच विचारलं, ‘मामा येणार का?’ मी हो म्हणून बसले. धर्मगुरूला खोटं सांगितल्याचं पाप माझ्यावर येऊ द्यायचं की नाही, ते तू ठरव.

ता. क. २: फेबियनवर राग धरू नकोस. इंजिन काढायला मीच सांगितलं. मागच्या खेपेला तू होडीच्या पोटात उलटा शिरून, धूर गिळत, दीड तास लटकलास आणि वर आलास तो निळ्या ओठांनी. म्हणालास, ‘काही नाही बाय, नळीत कचरा होता.’ मी घाबरले, कुणाच्या नळीत? तू इंजिन सुधारत होतास आणि स्वतः बिघडत होतास. वाटलं, इंजिन जाईल, भाऊ राहील. इंजिन गेलं आणि भाऊही गेला. माझं गणित माझ्या अक्षरासारखंच.

ता. क. ३: तुझं इंजिन भंगारात घातलं नाही. मागच्या पडवीत जुन्या शिडाखाली झाकलंय. दर शनिवारी मी पुसते. ते मुळीच चालू होत नाही, पण तुझ्यापेक्षा बोलकं आहे.

ता. क. ४: रविवारी रिकाम्या हाताने ये. या खेपेला जेवायला यायचं, दुरुस्तीला नाही. फक्त पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यापाशी होडीत थेंब थेंब पाणी येतं. फेबियन त्याखाली डबा ठेवून ‘नव्या मशीनला असतंच’ म्हणतो, आणि मामाला कळवू नकोस अशी त्याने मला शपथ घातली आहे. तेव्हा तुला काही कळलेलं नाही. तो लांब दांड्याचा पाना मात्र पिशवीत टाक. वाकायचं फेबियनने, शिव्या द्यायच्या तू.